काळ्या कापडाखालचा सौदा

प्रोफेसरांनी मला फसवलं, आणि मी इब्राहिमला फसवलं.

यातलं पहिलं वाक्य दिवेआगरपासून अलिबागेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते ओसऱ्यांवर सांगितलं आहे, बोटीच्या डेकवर सांगितलं आहे, सुपारी सोलायला बसलेल्या बायकांना सांगितलं आहे, आणि एकदा एका मामलेदारांना जेवणाच्या पानावर इतक्या तावातावाने सांगितलं की त्यांचा भात तसाच निवून गेला. दुसरं वाक्य मात्र आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही. देवळात एकटा असताना देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण मागच्या आठवड्यात आगरदांड्याच्या धक्क्यावर जे झालं, त्यानंतर मला माझ्याच वाडीतली सुपारी कडू लागते आहे.

मी सुपारीचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या वाडीत शिंपणं करायचा, आई सुपारी सोलायची, तिच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या. आज माझी सुपारी मुंबईच्या बाजारात माझ्या नावाने विकली जाते. हे कुणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही, म्हणून मला कुणाची मेहेरबानी सहनही होत नाही. मी भांडून भाव घेतो. आवाज चढवतो. समोरच्याचं पोतं उलटं करून तळचा माल वर काढतो आणि चारचौघांत दाखवतो. लोक मला टरकतात, आणि मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

पण लोकांना माझं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा माणूस एम.एस्सी. झालेला आहे, याने सूर्याचा अभ्यास केला आहे, आणि तरी हा पोत्यांवर बसून सुपारी निवडतो — का? मग मी गोष्ट सांगतो.

मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी मुंबईत सूर्याच्या प्रकाशावर प्रबंध करत होतो. दक्षिणेत डोंगरावर एक वेधशाळा आहे, तिथे एका संशोधकाची जागा निघाली. आमच्या प्रोफेसरांनी मला शब्द दिला — जागा तुझी. आणि दिली कुणाला? आपल्या भाच्याला! ज्याला सूर्याचा वर्णपट आणि सतरंजीचा पट्टा यांतला फरक कळत नव्हता त्या भाच्याला! मी प्रोफेसरांच्या खोलीत जाऊन भांडलो, टेबलावर हात आपटला, शाईची दौत उडाली ती त्यांच्या कोटावर. मग बोटीत बसलो आणि घरी येऊन सुपारीला लागलो. त्या दिवसापासून कुणी मोठा माणूस, कुणी शिकलेला माणूस शब्द देऊ लागला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

इथे ऐकणारे चुकचुकतात. बायका कडाकडा बोटं मोडतात. मला बरं वाटतं. इतकी वर्षं बरं वाटत आलं आहे.

आणि गोष्ट खरी आहे हो. शब्दन् शब्द खरी आहे. पण इतक्या वर्षांत एकानेही — एकानेही — मला विचारलं नाही की प्रोफेसरांनी तो शब्द कशाबद्दल दिला होता. शब्द कुणी फुकट देतो का? माझे ऐकणारे निम्मे व्यापारी, निम्मे मच्छी विकणारे. सौदा काय असतो हे त्यांना मी सांगायचं? आणि त्यांना हा प्रश्न सुचू नये? मला त्यांचाही राग येतो. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं नाही. थाप मारली असती. पण विचारायला हवं होतं.

तर आता इब्राहिम.

इब्राहिम आगरदांड्याचा. त्याच्या वडिलांचा मचवा होता, आमच्या बाजूची सुपारी आणि नारळ मुंबईला न्यायचा. त्याच मचव्यावर आमची ओळख झाली, त्याच मचव्यातून आम्ही दोघं शिकायला मुंबईला गेलो, आणि पुढे एकाच प्रोफेसरांच्या हाताखाली एम.एस्सी.ला लागलो. मला तो ‘शेठ’ म्हणायचा — तेव्हा माझ्याकडे धड जोडे नव्हते, म्हणून. त्याची नजर अशी की खाडीच्या तोंडाशी दिसणाऱ्या शिडावरून कुणाची होडी ते सांगायचा. पाण्यावर वाढलेला माणूस. त्याला ती डोंगरावरची वेधशाळा हवी होती. मला पुष्कळ गोष्टी हव्या होत्या. त्याला एवढी एकच हवी होती. त्याच्या वडिलांनी म्हातारपणी मचवा परक्या तांडेलाच्या हाती दिला, पण पोराला परत बोलावलं नाही. का, तर पोरगा सूर्य वाचायला शिकतो आहे.

आम्हा दोघांना आणखी एक गोष्ट येत होती, जी आमच्या वर्गात कुणालाच येत नव्हती. रुमालाखालचा सौदा. तुम्ही बाजारात पाहिला असेल. दोन व्यापारी समोरासमोर बसतात, हातावर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव करतात. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. पंजा धरून मग दोन बोटं धरली की सात. तोंडाने अवाक्षर नाही. भोवती दहा माणसं उभी असतात, त्यांना काही कळत नाही. आणि याचा एकच नियम — कापडाखाली जे झालं ते उघड्यावर बोलायचं नाही. सौदा जमो की मोडो, तुमचं नुकसान होवो की गळा कापला जावो. जो बोलला तो बाजारातून उठला. त्याच्याबरोबर परत कुणी कापडाखाली हात घालत नाही. इब्राहिमच्या घरी हा नियम नमाजाइतका पक्का होता. माझ्या घरी — माझ्या घरी बाजार मीच आणला, नियमही मीच शिकून घेतला.

हे ध्यानात ठेवा. सगळं इथेच आहे.

आमचं काम असं होतं. सूर्याचा प्रकाश यंत्रातून पसरवला की त्याचा रंगीत पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात आडव्या फणीच्या दातांसारख्या बारीक काळ्या रेषा दिसतात. एकेक रेष ही सूर्यावरच्या एकेका द्रव्याची खूण. ही लोखंडाची, ही सोडियमची. सूर्यावर डाग असतात, ते भोवतालच्या मानाने थंड. त्या डागांच्या प्रकाशात काही रेषा जास्त काळ्या होतात, काही फिकट पडतात. कुठली किती काळी, हे नेमकं कळलं तर तिथे किती उष्णता आहे हे सांगता येतं. त्याचं सूत्र आपल्याच देशातल्या एका तरुणाने मांडलं होतं आणि विलायतेतले लोक त्याच्यावर कामाला लागले होते. आमच्या छात्या नुसत्या त्या बातमीनेच फुगल्या होत्या.

वेधशाळेने डागांच्या वर्णपटाच्या काचेच्या प्लेटा आमच्या प्रोफेसरांना काही काळासाठी दिल्या होत्या. काळेपणा मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. डोळा हेच यंत्र. रेष जेमतेम दिसली तर शून्य, कोळशासारखी दिसली तर दहा. पण एकाच्या डोळ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून दोन माणसं. दोघांनी एकमेकांना न विचारता आकडा सांगायचा. जुळला तर तो पुरावा, न जुळला तर नुसतं एकाचं मत.

खिडकीतलं ऊन आरशावरून प्लेटेवर घेतलेलं, टेबलावर तंबूसारखं काळं कापड, त्याच्याखाली आमची दोघांची डोकी आणि दोन भिंगं. बाहेर एक डेमॉन्स्ट्रेटर खुर्ची टाकून बसलेला — आम्ही बोलतो का ते ऐकायला. रेष बघायची, बाहेर यायचं, दोघांनी दोन टोकांना बसून आपापल्या कागदावर आकडा लिहायचा.

आमचे आकडे जुळेनात. मी लिहायचो त्यापेक्षा इब्राहिमचे आकडे डागातल्या रेषांना नेहमी चढे. प्रोफेसरांनी एक दिवस दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, “तुम्ही दोघं एकाच सूर्याकडे बघता ना? की किनाऱ्यावरच्या लोकांना देवाने वेगळा सूर्य दिलाय?” सगळे हसले. मला अजून त्यांची तोंडं आठवतात, एकेकाचं. मग हसू थांबल्यावर प्रोफेसर म्हणाले, “प्लेटा परत जायच्या आहेत. आकडे जुळले पाहिजेत.”

जुळले पाहिजेत! म्हणजे काय हो? नीट बघा, म्हणजे जुळतील, असं? की जुळवा, असं? मी इतकी वर्षं त्या दोन शब्दांवर दात ओठ खातो आहे. पण त्या दिवशी मला संशय नव्हता. दोन माणसं, दोन आकडे, एक व्हायला हवा — हे तर मला भाकरीइतकं ओळखीचं होतं. याला आमच्याकडे सौदा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कापडाखाली डोकं घातलं. हिरव्या भागातली लोखंडाची एक रेष होती, डागात ठसठशीत उठलेली. मला ती चार वाटली. मी काळ्या कापडाच्या आडून इब्राहिमचा हात धरला आणि त्याची चार बोटं दाबली.

तो दचकला. मग मला त्याच्या पोटातलं हसू जाणवलं. त्याने माझा पंजा धरला, मग दोन बोटं. सात. मी हात झटकला — पुन्हा चार. तो सहावर आला. मी त्याचा अख्खा पंजा धरून घट्ट दाबला, हलवला, सौदा पटल्यावर हलवतात तसा. पाच.

“काय रे शेठ,” तो कुजबुजला, “सूर्याचापण भाव पाडतोस?”

“आत बोलणं नको!” बाहेरून डेमॉन्स्ट्रेटर ओरडला, आणि आम्ही दोघं कापडात तोंडं खुपसून हसलो.

त्या दिवसापासून आमचे आकडे जुळू लागले. सगळे नाही — काही मी एका आकड्याने चुकवून ठेवायला लावायचो, मुद्दाम, खरं वाटावं म्हणून. बघा, इथेही डोकं चाललंच माझं. आणि प्रत्येक सौद्यात जास्त कोण सरकला म्हणता? मी कधीच फार सरकत नाही. माझा हात जड आहे. इब्राहिम चांगल्या मनाचा होता, त्याला ती गंमत वाटत होती, आणि मी त्याचा मित्र होतो. आमच्या तक्त्यात जे आकडे उतरले ते सूर्याचे नव्हते हो. ते माझे होते — थोडीफार सूट देऊन.

प्रोफेसर खूश झाले. वर्गात आमचा तक्ता दाखवून म्हणाले, काम असं करावं.

मग एकदा सुट्टीला घरी यायला आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. भर दुपार, पाणी चमचमत होतं. इब्राहिम डोळे चोळत होता. मग म्हणाला, “हे बरं न्हाय झालं. तू बोट दाबतोस ना, मग मला ती रेष तेवढीच दिसायला लागते. पाच म्हटलं की पाचच दिसते. माझा डोळा बिघडवलास तू.” पुन्हा सगळं पहिल्यापासून, वेगवेगळं बसून करू, म्हणाला. प्रोफेसरांना सांगू की पहिले आकडे घाईचे होते.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “तुझ्या बापाने मचवा सोडलाय तो तू डोळे चोळत बसावंस म्हणून?” तो लाल झाला. मग हसला. म्हणाला, तुझ्याशी कोण बोलणार. प्रबंध देऊन झाल्यावर बघू, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

प्रबंध दिले. निकाल यायचा होता. वेधशाळेतली जागा आम्हा दोघांतल्या एकाला, हे जवळजवळ नक्की होतं. आणि ती इब्राहिमला, हे मला आतून ठाऊक होतं. त्याचा डोळा चांगला होता. प्रोफेसरही तसं बोलून गेले होते.

आणि मग ते यंत्र आलं.

नवंकोरं, विलायती. प्लेटेतून प्रकाशाचा किरण घालायचा, आणि रेष किती काळी ते यंत्र आपणहून आखून दाखवतं. माणसाच्या डोळ्याचं काम नाही. वेधशाळेतून एक साहेब ते बघायला आले होते. प्रोफेसरांनी मोठ्या हौसेने आमच्याच प्लेटा लावल्या, आमचाच तक्ता शेजारी ठेवला. आकडे चुकलेले निघाले. त्याचं कुणाला फार वाटलं नाही, डोळा चुकतोच. पण साहेबांनी तक्त्यावर बोट फिरवत फिरवत नेलं आणि शांतपणे म्हणाले, “दोघंही चुकले हे ठीक. पण दोन माणसं इतकी सारखी चुकत नाहीत.”

त्या हिरव्या रेषेवर यंत्राने काय दाखवलं, सांगू? आमच्या मापाने ते साताला येऊन थांबलं. मी बघत होतो. इब्राहिमही बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रोफेसरांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. मला एकट्याला — हे लक्षात घ्या. दार लोटलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांचं नाव जाणार होतं. म्हणाले, “कुणीतरी दुसऱ्याचे आकडे बघून लिहिलेत. मला एक नाव पाहिजे. दुसऱ्याचं मी बघतो.”

आणि मी विचारलं — हो, विचारलं. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर भाव. मी विचारलं, “बघतो म्हणजे, सर?”

“वेधशाळेची जागा आहेच,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “इब्राहिम.”

एवढंच नाही. अजून आहे, आता सांगायला लागलोय तर सगळं सांगतो. मी म्हणालो की तो बाहेर आल्यावर माझ्या कागदावर नजर टाकायचा. मी म्हणालो की मला संशय होता, पण मित्र म्हणून गप्प बसलो. मित्र म्हणून! आणि प्रोफेसरांचा चेहरा असा सैल पडला की जणू त्यांना हेच नाव हवं होतं. मला ते माहीत होतं. त्या खोलीत इब्राहिमचं नाव माझ्या नावापेक्षा हलकं भरेल, हे मला दार लोटण्याआधी माहीत होतं. जन्मभर तागडी धरणारा माणूस मी. मला हे कळलं नव्हतं, असं तुम्हाला सांगू? तुम्ही विश्वास ठेवाल?

आणि आणखी एक माहीत होतं. तो बोलणार नाही. कापडाखालचं तो उघड्यावर बोलणार नाही — माझा गळा वाचवायला नाही, त्याच्या बापाच्या नियमाखातर. मी त्या नियमावर जागा विकत घेतली.

त्याला आत बोलावलं. प्रोफेसरांनी विचारलं, “तू याचे आकडे बघून लिहिलेस?” इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून तो थांबला. खिडकीत कावळा ओरडत होता, मला तेवढंच ऐकू येत होतं.

“मला काही सांगायचं नाही, सर,” तो म्हणाला.

जिन्यावर मी त्याच्या मागे धावलो. कशाला धावलो? काय सांगणार होतो? तो थांबला नाही, नुसतं मान न वळवता म्हणाला, “भाव तरी बरा मिळाला ना, शेठ?”

त्याचा प्रबंध नाकारला गेला. त्याच्या नावाला डाग लागला आणि तो कायमचा राहिला. तो आगरदांड्याला परत गेला. वडिलांचा मचवा तोवर परक्याच्या हाती मोडकळीला आला होता. त्याने खाडी ओलांडून दिघीला जाणारी होडी धरली, माणसं आणि माल पोहोचवायला लागला. मला पदवी मिळाली. जागा प्रोफेसरांच्या भाच्याला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे — ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे.

मला राग येतो. तेव्हाही आला, आजही येतो. माझा माल घेतला आणि मोल दिलं नाही! पण माल काय होता? मी तो राग इतकी वर्षं का पोसला, ते मला आता कळतं. प्रोफेसरांवर ओरडत राहिलं की मधे कुणी इब्राहिमचं नाव घेत नाही. मीही नाही.

मी आगरदांड्याला जायचं टाळत आलो. माल बोटीने पाठवायचा, माणसं पाठवायची, स्वतः लांबच्या वाटेने जायचं. मागच्या आठवड्यात दर्या उसळलेला, बोट बंदराला लागलीच नाही; सुपारी दिघीला त्याच दिवशी न्यायला हवी होती. नाइलाजाने धक्क्यावर गेलो. होडी पलीकडून यायची होती. दहाबारा माणसं खोळंबलेली. कुणीतरी विषय काढला, शेठ तुम्ही एवढे शिकलेले — आणि मी सुरू झालो. तोंड आपोआप सुरू होतं. प्रोफेसर, भाचा, शाईची दौत, सगळं.

“मंग काय झाला, शेठ?” एक कोळीण टोपलीवर हात ठेवून ऐकत होती.

“मग काय होणार? मामाने भाच्याचं भलं केलं, मी सुपारीला लागलो.”

“मेला तो परपेसर,” ती म्हणाली. “हात झरतील त्याचे.”

तोवर होडी धक्क्याला लागली होती. माझ्या मागून कुणीतरी बोललं, “मावशी, शेठची गोष्ट चांगली हाय. मीपण तिथंच होतो शिकायला.”

दाढी पांढरी झाली होती. आवाज तोच.

“व्हय?” कोळिणीला मजा वाटली. “मंग तुला काय दिला परपेसरानं?”

“मला काय न्हाय,” इब्राहिम हसत म्हणाला. “मी मागितलाच न्हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. हसलो हो मी! मग तो माझ्या पोत्यांकडे वळला, खांद्यावरचं उपरणं काढून त्याने हातावर टाकलं आणि हात पुढे केला. भाडं ठरवायला. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. मी कापडाखाली हात घातला.

त्याने माझा पंजा धरला. अख्खा. मग दोन बोटं.

फार होतात, असं माझ्या ओठांवर आलं. खरंच आलं — सवय. आणि मग माझ्या लक्षात आलं की तो भाव करत नाही. त्याची बोटं हलत नव्हती. दाबतही नव्हती. नुसती धरून ठेवली होती, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, त्या खोलीत बघत होता तसाच, मी बोलेन म्हणून.

मी हात काढून घेतला.

त्याने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि होडीवरच्या माणसांना हाक दिली, “चला, पोती चढवा रे शेठची.” दिघीला उतरताना मी मागे वळून पाहिलं. तो सूर्याच्या उन्हात डोळे बारीक करून खाडीच्या तोंडाकडे बघत होता.

मी त्याच्याकडे माफी मागणार नाही. मागणं हासुद्धा भावच असतो, आणि मी भाव केला की समोरचा नेहमी सरकतो. तुमच्याकडे काही मागत नाही. पण नियम मोडतो. जे कापडाखाली झालं ते आज उघड्यावर बोलतो, म्हणजे माझ्या बाजाराच्या हिशेबाने मी आज उठलो. उठलो तर उठलो. ती रेष चार नव्हती. पाचही नव्हती. सात होती. इब्राहिमने पहिल्या नजरेत सात सांगितली होती, आणि मी ती पाडली, आणि मग त्याला पाडलं.

आणि तुम्ही, प्रोफेसर? तुम्ही मोठे झालात. सभांत बोलता, हार घालून घेता, मुलांना सांगता की विज्ञानात प्रामाणिकपणा लागतो. ‘जुळले पाहिजेत’ म्हणजे तुम्हाला काय म्हणायचं होतं? मला एकट्याला का बोलावलंत? माझं ऐकलंत आणि त्याचं एक वाक्य ऐकायला तुम्हाला वेळ नव्हता, की गरज नव्हती? आणि साहेबांनी तक्त्यावर बोट फिरवलं तेव्हा तुम्ही खरंच चकित झालात, की तुम्हाला आधीच ठाऊक होतं? त्या खोलीत दार लोटून आपण दोघांनी एका माणसाचा भाव केला. मी माझा हात कापडाबाहेर काढला आहे. तुमचा काढा.